पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

पाणी शंभर अंशांना उकळतं, असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कुठे?" समोरचा गोंधळून "सगळीकडेच" म्हणाला की सांगायचे, "मुंबईत उकळत असेल. पुण्यात अठ्ठ्याण्णवला उकळतं. आपण उंचावर राहतो." एवढं बोलून पुन्हा पाना हातात घ्यायचे. हे बोलणं मी त्यांच्या शेडमध्ये इतक्या वेळा ऐकलं की पुढे नव्या माणसाला "कुठे?" हे मीच विचारायला लागले.

शेड हडपसरला होती, सोलापूर रस्त्याच्या आत, टायर रिमोल्डिंगच्या दुकानामागे. दहा बाय बारा, वर पत्रा. भिंतीवर निळा कोट आणि चष्मा असलेला एकच फोटो, रोज पुसलेला. ते मूळचे वर्ध्याकडचे. इंजिनं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात मीटर तपासायच्या खोलीत त्यांची वीस-बावीस वर्षं गेली. मग कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली स्वेच्छा कोणाची होती, असं ते कधीकधी विचारायचे. निरोपाच्या दिवशी इतरांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. यांनी अडगळीत टाकलेलं एक तपासणीचं मीटर मागून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. ते मीटर कायम टॉवेलातच असायचं. टॉवेल बदलायचा, मीटर तेच.

मी तेव्हा जवळच्याच एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होते. सहा गाड्या, त्यांची कागदपत्रं, वेळापत्रक आणि देखभाल असं सगळं माझ्याकडे. मला याद्या करायची सवय आहे. गाडी निघताना तपासायची यादी, परत आल्यावरची यादी, ड्रायव्हरसाठी नियमांची यादी. ड्रायव्हर मला मागे यादीवाल्या बाई म्हणायचे, हे मला माहीत होतं आणि त्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती डिझेलचं मीटर घेऊन. "हे खराब झालंय," मी म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे केलं.

"बसा. खराब म्हणजे काय, ते आठवलं की सांगा."

मी दहा मिनिटं तिथे बसले होते. शेवटी, टाकी भरलेली असताना काटा अर्ध्यावर राहतो आणि ब्रेक मारला की वर उडतो, असं नीट सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी मीटर हातात घेतलं. "खराब" हा शब्द त्यांच्या शेडमध्ये चालत नसे. "बरोबर" हाही फारसा चालत नसे. मीटर बरोबर आहे का, असं विचारलं तर उत्तर यायचं, "कशाच्या मानाने?"

त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं होतं. मी एकदा स्टुलावर चढून ते पुढे करायला गेले, तर त्यांनी अडवलं. हे घड्याळ चार वर्षं सात मिनिटंच मागे आहे, याच्याइतका भरवशाचा माणूस दाखवा, म्हणाले. जेवायची वेळ मात्र ते त्याच घड्याळावर, मनात सात मिळवून पाळायचे.

रोज सकाळी अकराला ते कोपऱ्यावरच्या रसवंतीतून थर्मासभर बर्फ आणायचे. ठेचलेला बर्फ आणि पाणी म्हणजे शून्य अंश. शून्य पक्कं असल्याशिवाय ते कुठल्याच मीटरला हात लावत नसत. रसवंतीवाल्याची मात्र खात्री होती की हा माणूस भरदुपारी प्यायला बसतो. एकदा तो खात्री करायला शेडमध्ये आला, बर्फात थर्मामीटर उभा दिसला आणि तो हिरमुसला होऊन परत गेला.

खराडीला नव्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका ऑफिसातून एकदा एक तरुण इंजिनिअर त्यांच्याकडे आला होता. संगणकांच्या खोलीतला अलार्म सारखा वाजत होता. "सर, बेसिकली सेन्सर फॉल्टी आहे. मी म्हणत होतो, रिप्लेसच करून टाकू." ते म्हणाले, "बदला. नवा आला की तोही तेच सांगेल." मग गेले बघायला. भिंतीच्या या बाजूला सेन्सर होता आणि बरोबर पलीकडच्या बाजूला चहाचं मशीन टेकवलेलं होतं. मशीन हातभर सरकवून ते परत आले. पोराने विचारलं, सर, रिपोर्टमध्ये काय लिहू? सेन्सर खरं बोलत होता, असं लिही, म्हणाले.

त्यांच्या शेडमधली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे खिळे. मागच्या भिंतीवर तीन-चार रांगांत खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी टांगलेलं असायचं: जळालेला फ्यूज, चेपलेली नळी, उंदराने कुरतडलेली वायर. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यावर काय बिघडलं, कशामुळे, आणि कोणाच्या चुकीमुळे. शेवटचं नाव चुकणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, हा नियम होता. बरीच गिऱ्हाइकं चिडायची. पण सगळ्यात वरची रांग, म्हणजे सगळ्यात लांब रांग, त्यांच्या स्वतःच्या चुकांची होती, हे बघितल्यावर बहुतेक जण गुपचूप पेन मागायचे.

आमच्या गाड्या तेव्हा न्हावाशेवा बंदरातून माल आणायच्या. खराडीच्या ऑफिसांसाठी जनरेटर, एसीची यंत्रं, बॅटऱ्या. जड माल आणि पुढे बोरघाट. गाड्यांना जोर यावा म्हणून मालकांनी डिझेलचा पंप वाढवून घेतला होता. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता; चढावर अती झालं तर पिस्टन वितळतो. म्हणून प्रत्येक गाडीत, इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय हे दाखवणारं एक वेगळं मीटर बसवलं होतं. साडेसहाशे अंशांवर लाल पट्टी. काटा तिथे पोचला की गिअर खाली घ्यायचा आणि सावकाश जायचं. माझ्या नियमांच्या यादीत हा नववा नियम होता.

तरीही एका गाडीचा पिस्टन घाटात वितळला. गाडी बबनरावांच्या हातात होती. बबनराव फुरसुंगीचे, आमच्याकडे बारा वर्षं. कधी दारू नाही, कधी अपघात नाही. त्यांचं म्हणणं एकच, काटा लाल पट्टीत गेलाच नव्हता. गाडी ओढून यार्डात आणली, इंजिन उघडलं, महिन्याभराने दुरुस्त होऊन आलं. मधल्या काळात बबनराव घरी बसून होते. मालकांचं मत ठरलं होतं. मीटर चालू आहे, म्हणजे काटा दाखवत होता, म्हणजे बबनने बघितलं नाही. शनिवारी बबनरावांच्या कायमच्या सुट्टीच्या कागदावर सही व्हायची होती. आणि कामावरून काढताना कारण लेखी द्यायचं असल्यामुळे दुसरीकडे कुठे त्यांना गाडी मिळाली नसती.

कागद तयार करायचं काम माझं. फाइल पूर्ण व्हायला एकच गोष्ट राहिली होती, मीटर ठीक असल्याचा कोणा जाणकाराचा दाखला. तो आणायला मी बुधवारी सकाळी शेडवर गेले. हे मी स्पष्टच लिहिते, कारण पुढे लोकांनी त्या गोष्टीत मला बबनरावांची कैवारी केलं. मी गेले होते ती त्यांची फाइल बंद करायला.

"मीटर ठीक आहे, एवढी एक ओळ हवी आहे," मी म्हणाले.

"कशाच्या मानाने?" ते म्हणाले, आणि टॉवेल बगलेत मारून माझ्याबरोबर यार्डात आले.

त्या दिवशी त्यांनी शिसं वितळवलं. रस्ते खणून टेलिफोनच्या जुन्या केबली काढत होते, त्यांच्यावरचं शिशाचं आवरण त्यांनी साठवून ठेवलं होतं. बॅटरीतलं शिसं त्यांना चालत नसे, त्यात भेसळ असते. लोखंडी पळीत शिसं पातळ केलं, स्टोव्ह बंद केला. गाडीच्या नळीत घुसवलेली मीटरची काडी बाहेर काढून तिचं टोक त्या शिशात बुडवलं. शिसं गोठायला लागतं तेव्हा त्याचं तापमान तीनशे सत्तावीसवर येऊन थांबतं आणि पूर्ण गोठेपर्यंत तिथेच राहतं. मला केबिनमध्ये बसवून काटा वाचायला सांगितलं. काटा खाली आला आणि तीनशे पंचवीसच्या जरा पुढे येऊन थांबला. मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी तीनदा तेच केलं, तीनदा काटा तिथेच थांबला.

मला समाधान वाटलं. मी कागद पुढे केला. त्यांनी लिहिलं, "यार्डात, उभ्या गाडीत, थंड इंजिनावर, तीनशे सत्तावीस अंशांना मीटर बरोबर."

मी म्हणाले, यार्डात, उभ्या गाडीत आणि थंड इंजिनावर, एवढं काढून टाका.

"मग ते खोटं होईल."

"अहो, पण मीटर बरोबर आहे ना?"

"मॅडम, तुम्ही विचारून राहिल्या की सांगून राहिल्या?" चिडले की त्यांची वर्ध्याची बोली वर यायची. "पिस्टन यार्डात वितळला का? घाटात वितळला. घाटात काय झालं ते कोणाला माहीत आहे?"

"ड्रायव्हरला."

"काय म्हणाला तो? शब्द न् शब्द सांगा."

मी रजिस्टर उघडलं. माझ्या ओळी नेहमीच नेटक्या असतात. तारीख, गाडी, घटना, आणि शेवटी, "सबब: काटा खाली पडला म्हणतो."

त्यांनी ते वाचलं. "पडला की पडत गेला?"

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. त्यांनी "सबब" या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही सबब लिहिलंय. मी असतो तर रीडिंग लिहिलं असतं."

असं कोणी मला कधी सुनावलं नव्हतं. मी दाखला न घेता परत आले, मालकांना दाखला शुक्रवारी मिळेल असं सांगितलं, आणि संध्याकाळी त्यांना स्कूटरवर मागे बसवून फुरसुंगीला गेले. आता मला दाखला नको होता, उत्तर हवं होतं. आणि हातात दोन दिवस होते.

बबनराव ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, पण बसा म्हणाले नाहीत. यांनीच आपण होऊन पायरीवर बैठक मारली आणि विचारलं, काटा कसा पडला, पहिल्यापासून सांगा.

"घाट सुरू झाला तवा काटा अक्षी बरोबर हुता," बबनराव म्हणाले. "चढ लागला, सहाशेपातूर गेला. मी गिअर खाली घेतला. म्होरं निम्मा घाट झाल्यावर काटा हळूहळू खाली यायला लागला. पाचशे पन्नास, पाचशे वीस. गाडीचा आवाज सांगत हुता की तापलीय. पर काटा म्हनत हुता गार हाय."

"मग थांबला का नाहीत?" मी विचारलं.

बबनराव पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "बाई, धावा नियम तुमचाच हाय. आवाजावर अंदाज करू नये, मीटर बघावं. केबिनमधी चिकटवलाय तुम्ही. मी मीटर बघितलं."

ते दोघं पुढे अर्धा तास बोलत होते, मी रजिस्टरमध्ये शब्द न् शब्द उतरवत होते. घाटात पुढून वारं होतं का, उतारावर काटा परत वर आला का, कुठल्या वळणावर पडायला लागला. एरवीच्या फेऱ्यांत काटा उतारावर थोडा सुधारायचा, हे ऐकून त्यांनी मान हलवली. निघताना ते बबनरावांना म्हणाले, परवा सकाळी गाडी चालवायला या. बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी या म्हणाले. मालकांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी त्यांना विचारलं नाही.

शुक्रवारी त्या गाडीत खराडीला पोचवायच्या फरशा भरलेल्या होत्या. खराडी उत्तरेला. आम्ही भरलेली गाडी दक्षिणेला, सासवड रस्त्याने दिवे घाटाकडे काढली. घरी बसवलेला ड्रायव्हर, दुसऱ्याचा माल आणि परवानगी नाही. माझ्या कुठल्याच यादीत हे बसत नव्हतं. त्यांनी पहाटेच त्यांच्या मीटरची दुसरी काडी आमच्या काडीशेजारी नळीत बसवली होती आणि तिची वायर खिडकीतून आत घेतली होती. बबनराव चालवत होते, ते मधे मीटर मांडीवर घेऊन, टॉवेलासकट, आणि मी खिडकीशी रजिस्टर उघडून. दोन रकाने पाडले होते, त्यांचं आणि आमचं.

पायथ्याशी दोन्ही चारशे ऐंशी. पहिल्या वळणावर दोन्ही साडेपाचशे. पुढे त्यांचं पाचशे नव्वद, आमचं पाचशे सत्तर.

"आता बघा, पडंल," बबनराव म्हणाले.

"तुम्ही रस्ता बघा."

सहाशे वीस आणि पाचशे पन्नास. सहाशे चाळीस आणि पाचशे तीस. इंजिनाचा आवाज मलाही कळायला लागला होता. आमचा काटा हिरव्यात निवांत बसला होता आणि मांडीवरचा काटा साडेसहाशेला टेकत होता. मी दोन्ही आकडे लिहीत राहिले. "गिअर खाली," ते शांतपणे म्हणाले. बबनरावांनी आधीच घेतला होता.

घाटमाथ्यावर गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं. धूर निवला तशी त्यांच्या मीटरने दोनशे साठ दाखवले. आमच्याने एकशे वीस. मला वाटलं, आता ते मीटर उघडतील. त्यांनी पाण्याचा कॅन मागितला. टॉवेल मीटरवरून काढला, मी तो पहिल्यांदाच निघालेला बघत होते, ओला करून काठीला गुंडाळला आणि मीटरपासून निघालेल्या वायरवर वीतवीत ठेवत पुढे सरकायला लागले. मी केबिनमध्ये काटा वाचत होते. काही नाही. काही नाही. बॉनेटखाली पोचले, काही नाही. मग टर्बोच्या मागे, नळीजवळ टॉवेल टेकवला, चर्र आवाज झाला, आणि काटा उठला. एकशे वीस, एकशे सत्तर, दोनशे तीस.

गार केलं तर काटा वर गेला होता. मी तीनदा वाचलं. त्यांनी टॉवेल काढला, वायर परत तापू दिली, काटा पडला. पुन्हा लावला, काटा चढला. बबनराव कमरेवर हात ठेवून बघत होते. तिसऱ्यांदा काटा चढला तेव्हा ते बाजूला जाऊन दगडावर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, इकडे या," त्यांनी हाक मारली.

तिथे लाल-काळी वायर होती. काळ्या नळीत ओवलेली, दर चार बोटांवर प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, सरळ रेषेत. तिच्या सांध्यावर एक पांढरी पट्टी, तिच्यावर शाईने लिहिलं होतं, "७-ख".

"अक्षर छान आहे," ते म्हणाले.

ते अक्षर माझं होतं.

खराडीच्या ज्या कंपनीचा माल आम्ही आणायचो, त्यांची माणसं वर्षापूर्वी गाड्या तपासायला आली होती. हातात साठ-बासष्ट मुद्द्यांचा कागद. त्यात ७-ख हा मुद्दा होता, वायरिंग सुटसुटीत आणि एकसारखं असावं. आमच्या गाड्यांत सगळं ठीक होतं, फक्त या मीटरची वायर ताठर, पिवळट, सुतळीसारखी उसवलेली आणि कळकट होती. मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, जिथे जिथे ही दिसते तिथे कापा आणि सगळीकडे लाल-काळी टाका. त्याने एकदा विचारलं होतं, ही वायर वेगळीच दिसतेय, राहू द्यायची का? मी म्हणाले होते, यादीत अपवाद नाही. सांध्यांवरच्या पट्ट्या मी स्वतः लिहून लावल्या. आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले. ते प्रशस्तिपत्र माझ्या खुर्चीमागे फ्रेम करून लावलेलं होतं.

त्यांनी मला समजावलं, फारसं न बोलता. ही वायर वीज नेणारी साधी वायर नाही. दोन खास धातूंच्या तारा असतात, त्या काडीच्या टोकापासून मीटरपर्यंत त्याच लागतात. एक टोक तापतं, दुसरं मीटरजवळ गार राहतं, आणि मीटर त्या दोन टोकांतला फरक दाखवतं. मधेच तांब्याची वायर जोडली की तो सांधाच दुसरं टोक होतो. सांधा टर्बोशेजारी, इंजिनातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी. चढ जितका लांब, तितका सांधा तापणार, फरक कमी होणार, काटा पडणार. यार्डात सांधा गार, म्हणून काटा बरोबर.

"काट्याला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "तो कशाबद्दल बोलतोय, एवढंच शोधायचं."

मला आधी वेगळंच सुचलं. सहाच्या सहा गाड्यांत मी हेच करून घेतलं होतं. दोन यार्डात होत्या, दोन पुण्यातच फिरत होत्या, एक न्हावाशेव्याला माल भरून निघायच्या बेतात. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीला लागून एसटीडीचा पिवळा फोन होता. बंदरातल्या क्लार्कने ड्रायव्हरला शोधून आणेपर्यंत मी रिसीव्हर कानाला दाबून उभी होते. त्याला सांगितलं, घाटात त्या काट्याकडे बघू नका. आवाज ऐका, गाडी तापलीशी वाटली की गिअर खाली घ्या, हवं तर थांबा. उशीर झाला तरी चालेल.

"मग यादीचं काय करायचं, बाई?" त्याने विचारलं.

"दहावा नियम खोडा."

मागे बबनराव उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते टपरीकडे वळले. टपरीवाल्याकडून तीन चहा घेऊन आले. चहा घेताना, मीटर मांडीवर घेऊन बसलेले ते म्हणाले, इथे सत्त्याण्णवला उकळला असेल.

शनिवारी सकाळी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. दिवे घाटातले दोन रकाने, कापून आणलेला सांधा आणि दोन पत्रं टेबलावर ठेवली. मालकांनी सगळं ऐकलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना गोष्टी लवकर मिटायला हव्या असायच्या. बबनला परत घ्या, इलेक्ट्रिशियनचं नाव टाका, विषय संपला, म्हणाले.

मी सांगितलं, इलेक्ट्रिशियनने विचारलं होतं. यादी माझी होती.

"मग तुमचं काय करायचं?"

म्हणून तर दुसरं पत्र आहे, मी म्हणाले. पहिलं बबनरावांना सन्मानाने परत घ्यायचं, त्यात चूक कोणाची ते लिहिलेलं. दुसरं माझा राजीनामा, तारीख मोकळी. मालकांनी पहिल्यावर सही केली. दुसरं घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं. पुढे आठ वर्षं मी तिथे होते, तो ड्रॉवर माझ्यासमोर अनेकदा उघडला, ते पत्र बाहेर आलं नाही. प्रशस्तिपत्राची फ्रेम मात्र त्याच दिवशी मी उतरवून ठेवली.

दुपारी तो सांधा घेऊन शेडवर गेले. सांगायची गरज नव्हती. त्यांनी पुठ्ठा, दोरा आणि पेन काढून ठेवलं होतं. मी लिहिलं. काय बिघडलं, कशामुळे. कोणाची चूक, तिथे माझं पूर्ण नाव. लिहून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. खाली आणखी एक ओळ घाला, म्हणाले, कोणी शोधलं. ही ओळ बाकी कुठल्या चिठ्ठीवर नव्हती. मी त्यांचं नाव लिहायला घेतलं. पहिलं अक्षर झालं तेवढ्यात त्यांनी पेन धरलं.

"माझं कशाला? मी फक्त टॉवेल ओला केला. रीडिंग ज्याचं, त्याचं नाव लिहा."

मी ते अक्षर खोडलं आणि बबनरावांचं नाव लिहिलं. ती खाडाखोड तशीच राहिली. नवी चिठ्ठी करते म्हटलं, तर नको म्हणाले.

सोमवारी बबनराव गाडी घेऊन निघण्याआधी शेडवर थांबले. खिळ्यासमोर उभे राहून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आजवर नाव लिव्हलं की मेमोच मिळायचा," म्हणाले. त्यांच्या केबिनमध्ये त्यांनी दहाव्या नियमावर काळी पट्टी चिकटवली होती. मी ती काढायला लावली नाही. नवी यादी करायला मला महिना लागला, कारण प्रत्येक नियम मी आधी सहाही ड्रायव्हरांना वाचून दाखवला. तिच्यात एक रकाना नवा होता: "ड्रायव्हर काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत." पुढे नोकऱ्या बदलल्या, गाड्या गेल्या, आता मी खराडीत एका मोठ्या इमारतीची देखभाल बघते. तो रकाना प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर आला आहे. फक्त ड्रायव्हरच्या जागी लिफ्टमन, माळी किंवा सफाईवाल्या ताई असतात.

रिमोल्डिंगचं दुकान आणि मागची शेड, दोन्ही एकाच आठवड्यात पाडली. तिथे आता पार्किंग आहे. ते वर्ध्याला मुलीकडे गेले. जायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या वस्तू उतरवल्या आणि ज्याची चूक त्याला परत दिल्या, पायी फिरून, एकेकाच्या दारात. वरच्या रांगेतल्या स्वतःच्या तेवढ्या पेटीत भरून नेल्या. माझ्याकडे आले तेव्हा मी माझी वायर घ्यायला हात पुढे केला.

"तुमची दिली," ते म्हणाले.

"कोणाला?"

"बबनरावांनी मागितली. म्हणाले, तिच्यावर माझंबी नाव हाय. मला वाटलं, दोघांची असेल तर जो आधी निवृत्त होतोय त्याने ठेवावी." मग टॉवेल दुसऱ्या बगलेत घेतला. "तुम्हाला हवी होती का?"

मी जरा विचार केला आणि नाही म्हणाले. हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी कशाच्या मानाने असं विचारलं नाही. फुरसुंगीला बबनरावांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एका खिळ्याला ती वायर अजून आहे, खाडाखोडीसकट. गेल्या खेपेला गेले तर त्यांच्या नातवाने मला विचारलं, हे कोणाचं अक्षर आहे? मी सांगितलं. आजोबांच्या नावाआधी काय खोडलंय, असं त्याने विचारलं. तेही सांगितलं, पहिल्यापासून.